ब्रीन कोणाचा? : स्कोअर टेबलावरून वाचकांशी

एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, फायनल इंदुरात पोह्यांच्या वेळेला लागते. तिकडे रात्रीचे साडेआठ, तेव्हा इथे सकाळचे सहा. त्यांचा रविवारचा सामना आपल्याकडे सोमवारी साडेपाचला. भांडणंही मग सकाळीच होतात आणि दुपारपर्यंत ती पत्ररूपाने माझ्याकडे येतात. नव्या वाचकांसाठी सांगतो, मी खेळाडू म्हणून कधी चमकलो नाही. बँकेची नोकरी सांभाळून बत्तीस वर्षं सामन्यांना टेबलावर बसलो, स्कोअरर म्हणून. तोंड बंद, पेन चालू. तेव्हाचं साठलेलं आता या पानावर बोलून घेतो.

काका, २०२५ च्या फायनलपासून आमच्या घरी यजमान आणि मुलगा धड बोलत नाहीत. यजमान ओक्लाहोमाचे, मुलगा इंडियानाचा. तक्रार मात्र दोघांची एकच, की कॉमेंटेटर समोरच्या टीमला विकले गेलेत. मला खेळातलं कळत नाही, पण दोघंही एकदम खरे कसे असतील? आणि ते कॉमेंटेटर नक्की असतात कोणाचे?
— एक गृहिणी, राजेंद्रनगर

ताई, तुम्हाला खेळातलं कळत नाही हे मी ऐकून घेणार नाही. ‘दोघंही एकदम खरे कसे?’ हा प्रश्न आमच्या पोह्यांच्या ठेल्यावर इतक्या महिन्यांत एकालाही सुचला नाही.

आधी व्यवस्था सांगतो. वर्षभराच्या लीगमध्ये प्रत्येक टीमचे घरचे कॉमेंटेटर असतात. ते उघडउघड आपल्या पोरांच्या बाजूने बोलतात आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. फायनलला टीव्हीवर ही घरची मंडळी नसतात, एबीसी वाहिनीचं एकच त्रिकूट असतं. २०२५ ला माइक ब्रीन, डोरिस बर्क आणि रिचर्ड जेफरसन होते. यातला ब्रीन २००६ पासून फायनल सांगतोय, आणि एरवी तो न्यूयॉर्क निक्सचा घरचा माणूस. त्या निक्सना पूर्व विभागाच्या सात सामन्यांच्या फायनलमध्ये ४-२ ने घरी कोणी बसवलं? इंडियानाने! म्हणजे चिरंजिवांना पुरावा आयता मिळाला : ब्रीन जळतो.

यजमानांचा पुरावा पहिल्या सामन्यातला असणार. चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये इंडियाना पंधराने मागे होती. मग शेवटच्या क्षणी इंडियानाच्या हॅलिबर्टनने उजवीकडून उडी मारून चेंडू टाकला आणि घड्याळात ०.३ सेकंद उरले. १११-११०. अख्ख्या सामन्यात इंडियाना आघाडीवर होती ती तेवढीच, ०.३ सेकंद. अशा वेळी माइकवरचा माणूस ओरडणार नाही तर काय जपमाळ ओढणार? पण ओक्लाहोमावाल्याच्या कानाला ते ओरडणं म्हणजे इंडियानाची वरात वाटते.

२०१६ च्या गोल्डन स्टेट विरुद्ध क्लीव्हलँड फायनलला याहून मजा होती. ब्रीनच्या शेजारी मार्क जॅक्सन बसायचा. हा २०१४ पर्यंत गोल्डन स्टेटचाच कोच. त्याला काढलं, स्टीव्ह कर आला, आणि पुढच्याच वर्षी टीम चॅम्पियन झाली. आता हाच जॅक्सन त्या टीमची फायनल सांगतोय. आमच्या ठेल्यावरचे गोल्डन स्टेटवाले म्हणत, बघा भिया, जुना राग काढून राहिलाय. क्लीव्हलँडवाले म्हणत, आपल्या जुन्या पोरांना कुरवाळतोय. वाक्य एकच, ऐकणारे दोन.

मी स्वतः एकदा वही घेऊन बसलो होतो. डावीकडे एका टीमचं कौतुक, उजवीकडे दुसरीचं, प्रत्येक कौतुकाला एक रेघ. तिसऱ्या मिनिटाला लक्षात आलं, की मागच्या दोन बास्केट कोणी केल्या ते मला ठाऊकच नाही. बत्तीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. वही मिटली.

माझीही बाजू सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही मलाच विकला गेलेला म्हणाल. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे दोन सराव सामने मुंबईत, वरळीच्या डोममध्ये झाले. इंडियाना विरुद्ध सॅक्रामेंटो, आणि सॅक्रामेंटोचे मालक म्हणजे आपले मुंबईत जन्मलेले रणदिवे. दोन्ही सामने इंडियानाने जिंकले, पहिला तर ओव्हरटाइममध्ये एका गुणाने. तेव्हापासून मी इंडियानाचा. हॅलिबर्टन तेव्हा कॉलेजात होता. पुढे सॅक्रामेंटोनेच त्याला घेतला आणि २०२२ ला इंडियानाला देऊन बदल्यात साबोनिसला नेलं. रणदिव्यांनी आमच्यावर केलेला हा उपकार मी विसरत नाही.

यजमानांना आणि चिरंजिवांना सातव्या सामन्याचं एवढंच विचारा. हॅलिबर्टनने तीन थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून तीन गुणांचे फटके, टाकले होते. पहिलाच क्वार्टर चालू होता आणि तो पाय ओढत खाली पडला. उजव्या टाचेची शीर तुटली होती. पालथा पडून तो तळहाताने जमिनीवर थपडा मारत होता. माझ्या शेजारी ओक्लाहोमाचा कट्टर माणूस बसलेला. त्याने हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. त्या मिनिटाला कॉमेंट्री कोणाच्या बाजूची होती, हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

टीव्हीवर बायका बास्केटबॉल सांगतात ते कानाला बरं वाटत नाही. आपलं मत?
— एक ज्येष्ठ वाचक, रामबाग

डोरिस बर्क प्रॉव्हिडन्स कॉलेजकडून पॉइंट गार्ड खेळल्या. २०२४ ला एनबीए फायनलमध्ये टीव्हीवर तज्ज्ञ म्हणून बसलेल्या त्या पहिल्या बाई. आपण कोणत्या पोझिशनला खेळायचात?

मेहुण्याशी छप्पन दुकान खाऊगल्लीतल्या पार्टीची पैज लागली आहे. २०१६, सातवा सामना, क्लीव्हलँडच्या लेब्रॉन जेम्सने गोल्डन स्टेटच्या इगुओडालाचा चेंडू रिंगमागच्या बोर्डावर दाबला तो. मेहुणा म्हणतो ते गोलटेंडिंग होतं, कॉमेंटेटरने लेब्रॉनच्या प्रेमापोटी विषयच काढला नाही. निकाल द्या.
— पागनीसपागा

पार्टी मेहुण्याने द्यायची.

आता कारण. गोलटेंडिंग म्हणजे बास्केटकडे निघालेला चेंडू नियमाबाहेर अडवणं. रिंगच्या वर चेंडू एकदा बोर्डाला लागला की तो अडवता येत नाही; खाली यायला लागल्यावरही नाही. याबाबत एनबीए आणि आपला फीबाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महासंघाचा, नियम सारखाच. फरक रिंगपाशी आहे. चेंडू रिंगला आपटून वर नाचत असेल तर फीबात तो मारून काढता येतो, एनबीएत तो रिंगच्या वरून बाजूला होईपर्यंत हात लावायचा नाही. इथल्या पोरांची टीव्ही बघून गल्लत होते ती या ठिकाणी.

त्या प्रसंगाकडे या. ८९-८९, एक मिनिट पन्नास सेकंद बाकी. इगुओडाला पळत आला, जोडीदार करीकडे चेंडू दिला, परत घेतला. क्लीव्हलँडचा जे. आर. स्मिथ मध्ये आला म्हणून त्याने हवेतच हात फिरवून चेंडू जरा उशिरा सोडला. सगळी गोम त्या उशिरात आहे. लेब्रॉन मागून येतोय हे बहुतेकांना दिसलंच नाही, कारण सगळे चेंडू बघत होते. रिप्ले हळू चालवा : आधी हात, मग बोर्ड. चेंडू तेव्हा वर चढत होता. मी टेबलावर असतो तर पेन उचललंच नसतं.

ब्रीन त्या वेळी काय म्हणाला? ‘ब्लॉक्ड बाय जेम्स!’ विषय काढला नाही म्हणता, पण रेफरीची शिट्टी वाजली नाही, खेळ दुसऱ्या टोकाला गेला. त्याने नियमावलीचं वाचन कधी करायचं? शिवाय त्या मिनिटांत दोन्हीकडून काहीच होत नव्हतं. ८९-८९ वर काटा अडकला होता तो ५३ सेकंद उरले असताना क्लीव्हलँडच्या कायरी अर्व्हिंगच्या थ्रीने सुटला. शेवट ९३-८९. फायनलमध्ये ३-१ ने मागे पडून जिंकलेली तोवरची एकमेव टीम. आणि २०२५ ला माइकवर बसलेला जेफरसन तेव्हा याच क्लीव्हलँडमध्ये खेळत होता, हे मेहुण्याला सांगू नका. नवी पैज लावेल.

मी रेडिओवर सुशील दोशींची क्रिकेटची कॉमेंट्री ऐकत वाढलो. डोळे मिटले तरी मैदान दिसायचं. या अमेरिकन लोकांचं ऐकताना डोळे मिटले तर काही कळत नाही, वर तिघं आपसात गप्पा मारतात. कान आमचा बिघडलाय की कॉमेंट्री?
— एक निवृत्त शिक्षक, स्नेहलतागंज

सर, तुमचा कान रेडिओचा आहे आणि समोर ठेवलाय टीव्ही. दोशींच्या नावाची कॉमेंट्री बॉक्स ज्या गावच्या होळकर स्टेडियममध्ये आहे, तिथल्या माणसाचं असं होणारच. माझंही होतं.

पण क्रिकेटमध्ये बोलायला जागा असते. बोलर वळून रनअपच्या खुणेपाशी जाईपर्यंत झाडं, पाखरं, वारा, सगळं सांगून होतं. बास्केटबॉलमध्ये २४ सेकंदांत चेंडू टाकावाच लागतो. हा नियम १९५४ चा, सिराक्यूजचे मालक डॅनी बियासोन यांच्या डोक्यातला. हिशोब साधा होता. चांगल्या सामन्यात दोन्ही टीम मिळून १२० वेळा चेंडू टाकतात. ४८ मिनिटांचे २८८० सेकंद, भागिले १२०. या चोवीसमध्ये ब्रीनने नावं सांगायची आणि उरलेल्या दोघांनी असं का झालं ते. टीव्हीवर मैदान दिसतंच आहे, ते पुन्हा काय सांगायचं? गप्पा मलाही जास्त वाटतात, विशेषतः खेळ चालू असताना जुन्या आठवणी निघतात तेव्हा. खेळ थांबवून मोकळा फटका देतात, त्या फ्री थ्रोच्या वेळी मारा की!

एक गोष्ट मला फार वर्षांनी कळली. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. ‘लेब्रॉनने मागून धावत येऊन, उजव्या हाताने, बोर्डाला चिकटवून, चेंडू…’ इथवर पोचेपर्यंत तिकडे दुसरी बास्केट झालेली असते. क्रिकेटमध्ये हे खपतं, उलट उत्कंठा वाढते. इथे वाक्य पालथं घालावं लागतं : ‘अडवला! जेम्सने!’

कानाची शिक्षा मी भोगली आहे. फार जुनी गोष्ट. दिव्यांखालची एक स्पर्धा, माइकवर एक उत्साही गृहस्थ, माझ्यामागे चार हातांवर भोंगा. शेवटचं मिनिट. एका पोराने कोपऱ्यातून टाकला आणि भोंग्यातून आलं, ‘तीऽऽन!’ मी खाली बघत होतो. स्कोअरशीटवर बास्केटला तिरकी रेघ मारतात, फ्री थ्रोला भरीव टिंब आणि थ्री-पॉइंटरला खेळाडूच्या नंबराभोवती गोल. मी ७ ला गोल करून मोकळा झालो. सहायकाने फलक पलटला. बरोबरी! हरणाऱ्या टीमचे लोक मैदानात. आणि रेफरी चालत चालत टेबलाशी आला, काही न बोलता माझ्या नाकासमोर दोन बोटं धरली. पोराचा अंगठा थ्रीच्या रेषेवर होता, म्हणजे गुण दोनच. थ्री झाला की रेफरी दोन्ही हात वर करून तीन-तीन बोटं दाखवतो; हे मी पोरांना शिकवायचो आणि मीच भोंग्यावरून लिहिलं. खोडलेल्या त्या गोलावर रेफरीची सही लागली, वीस मिनिटं खेळ थांबला. दुसऱ्या दिवशी मला पाण्याच्या बाटल्यांच्या कामाला लावलं.

तेव्हापासून घरीसुद्धा मी थ्रीसाठी रेफरीचे हात बघतो आणि मगच आवाज ऐकतो. तुम्ही उलट करून बघा, सर : शेवटची दोन मिनिटं टीव्ही मुका करा. आधी रितं रितं वाटेल, मग बुटांचा चीं-चीं आवाज तुमचा तुम्हालाच ऐकू यायला लागेल.

काका, मी दहावीत आहे. मला बास्केटबॉलचा मराठी कॉमेंटेटर व्हायचंय. आई म्हणते आधी गणित. सुरुवात कुठून करू?
— सुदामानगर

आईचं ऐक, २८८० ला १२० ने तोंडी भागता आलं पाहिजे.

मग रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समध्ये सामना असेल तेव्हा जाऊन वरच्या पायरीवर बस. मोबाइल तोंडाशी धर आणि एकच क्वार्टर रेकॉर्ड कर. आपल्याकडे तो दहा मिनिटांचा असतो, एनबीएसारखा बाराचा नाही. दहा मिनिटं सलग बोलणं म्हणजे काय ते तिसऱ्या मिनिटाला घसा सांगेल. नंबरावरून नाव ओळखायची सवय लाव. क्रियापद आधी. आणि घरी येऊन ऐकताना, आपण गप्प कुठे होतो तेवढंच वहीत लिही; पहिल्या वेळी वही कोरी राहील.

मी बहुतेकदा तिथेच असतो, निळी टोपी, टेबलाच्या मागची खुर्ची. रेकॉर्डिंग घेऊन ये. फक्त क्वार्टर संपेपर्यंत माझ्याशी बोलू नकोस.