एसआरए इमारतीत घरोघरी फुकट इंटरनेट जमेल का?

तुमचा प्रश्न: अमेरिकेत स्वस्त घरांच्या इमारतींत रहिवाशांना इंटरनेट फुकट मिळतं म्हणे, त्याचे पैसे कोण भरतं? आमच्या मुंबईच्या एसआरए (झोपडपट्टी पुनर्वसन) सोसायटीत असं करता येईल का?

मी इमारतींत नेटवर्क केबलिंगची कामं घेतो, त्यामुळे ही माझी रोजची भाजी-भाकरी. जमेल, पण घराघराला सवलत वाटून नाही; अख्खी इमारत एकदम जोडलीत तर.

सवलत वाटून काय होतं ते अमेरिकेतच दिसलं. तिथलं केंद्र सरकार गरजू घरांच्या बिलापोटी महिन्याला 30 डॉलरपर्यंत कंपन्यांना देत होतं. सुमारे 2 कोटी 30 लाख कुटुंबांनी लाभ घेतला. मंजूर निधी संपला, नवा काही मिळाला नाही आणि जून 2024 मध्ये योजना गुंडाळली. सॅन फ्रान्सिस्कोने वेगळं केलं. शहराची स्वतःची फायबर होतीच, ती 2018 पासून स्वस्त घरांच्या इमारतींपर्यंत नेली आणि आतलं काम मंकीब्रेन्स या तिथल्याच छोट्या कंपनीला दिलं. न्यूयॉर्कमध्ये 2022 पासून सार्वजनिक गृहसंकुलांतल्या घरांचे पैसे शहर थेट दोन केबल कंपन्यांना देतं. रहिवाशाच्या हातात बिल येतच नाही.

आपल्याकडे केरळने केफॉन हे सरकारी फायबर इंटरनेट आणलं. 20 लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी जाहीर झाली, पण 2023 च्या उद्घाटनाला पहिला टप्पा होता विधानसभा मतदारसंघामागे 100, म्हणजे 14,000 घरांचा. विखुरलेल्या घरांपर्यंत शेवटची वायर नेणं हेच खरं खर्चाचं काम. तुमच्याकडे ती अडचण नाही, शेकडो घरं एकाच शाफ्टवर, म्हणजे पाइप-वायरींच्या उभ्या पोकळीवर आहेत.

अर्थात तो शाफ्ट उघडून बघा. पाइपाची गळती, उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, तीन केबलवाल्यांची भेंडोळी, त्यातली निम्मी बंद पडलेली. काही जण तर गच्चीवरून खिडक्यांसमोरून वायरी सोडतात. हे सगळं काढून प्रत्येक मजल्यावर एक बॉक्स आणि तिथून घरात एक फायबर, एवढं एकदाच करायचं. जीपॉन, म्हणजे एक फायबर अनेक घरांत वाटायची पद्धत, तिच्या एका पोर्टवर साधारण अडीच गिगाबिट उतरतं आणि ते 32 किंवा 64 घरांत वाटलं जातं. सगळे एकाच क्षणी पूर्ण वेग ओढत नाहीत, त्यामुळे रोजच्या वापराला पुरतं.

सोसायटीने एक लाइन घेऊन सगळ्यांना वायफाय वाटू नये. उद्या कोणी ऑनलाइन उचापत केली तर पोलीस सेक्रेटरीचं दार वाजवतील, शिवाय परवान्याची भानगड आहेच. कनेक्शन परवानाधारक कंपनीचं, केवायसी घरटी, बिल मात्र एकच.

ते बिल कोण भरणार? कॉर्पस फंडाच्या (देखभालीसाठी विकासकाने ठेवलेल्या रकमेच्या) व्याजाला हात लावू नका, ते लिफ्ट आणि पंपालाच पुरत नाही. विकासकाशी बोलणी चालू असतील तर करारातच अंतर्गत फायबर आणि पाच वर्षांचं शुल्क लिहून घ्या. ताबा झाला असेल तर दोन-तीन कंपन्यांकडून अख्ख्या इमारतीचं कोटेशन मागवा. एकगठ्ठा गिऱ्हाईक मिळतंय म्हटल्यावर दर बराच उतरतो, फुकट नाही झालं तरी. फक्त करारात एक कलम घालाच: आतली वायर सोसायटीच्या मालकीची, कंपनी बदलली तरी.