दार आधी आपण वाजवायचं

प्रिय मित्रा,

रविवारी तलावपाळीच्या कट्ट्यावर तू म्हणालास, "काका, स्पीकरचा आवाज कमी केला तर मंडळातली पोरं मला फितूर म्हणतात, नाही केला तर तिसऱ्या मजल्यावरच्या आजी पोलिसांना फोन लावतात. मी करू काय?" तेव्हा काही बोललो नाही. घरी आल्यावर तुझा पडलेला चेहरा डोळ्यांसमोरून हलेना.

तू समजूतदार आहेस, म्हणून तर तुझा राग येतो. आजींनी फोन लावेपर्यंत थांबलासच कशाला? दार आधी आपण वाजवायचं असतं रे.

नियम तुला पाठ आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकर बंद. वस्तीत आवाज दिवसा ५५ डेसिबलपर्यंत, रात्री ४५. सणांना बारापर्यंतची सूट, तीही वर्षात फार तर १५ दिवस. हे सगळं पाळायचंच. पण त्या मुलांना मीटरवरचा आकडा दाखवून काही कळणार नाही, आणि आजींचं दुखणं आकड्यात मावत नाही. त्यांना कुणी विचारलंच नाही, हे त्यांना जास्त लागलंय.

तुझ्या वयाचा होतो तेव्हा आम्ही नौपाड्यात चाळीत राहायचो. गणपतीत कर्णा माझ्या ताब्यात. समोरच्या खोलीतल्या मावशी रुग्णालयात रात्रपाळी करायच्या, दिवसा झोपायच्या. चौथ्या दिवशी दुपारी आल्या आणि म्हणाल्या, "दोन तास बंद ठेव रे बाळा." मी म्हणालो, "वर्षातून एकदाच असतं, मावशी." पोरं हसली. मीही हसलो. दिवाळीच्या आधी त्यांनी खोली सोडली. कुठे गेल्या, ते मी कधी विचारलं नाही. ते हसणं अजून माझ्या कानात आहे.

वर्षातून एकदाच! दहीहंडीवाल्यांचं एकदा, गणपतीवाल्यांचं एकदा, नवरात्राचं एकदा, कुणाची हळद, कुणाचा वाढदिवस. ऐकणारं घर मात्र तेच.

पुढे मंडळात मी याच गोष्टीवर भांडलो. एका मिरवणुकीत गर्दीत रुग्णवाहिका अडकली आणि कुणी ऐकेना, तेव्हा स्पीकरची वायर मी स्वतः उपटली. त्यानंतर माझं पद गेलं, जुने मित्र तुटले. अजूनही लोक म्हणतात, जरा गोडीनं घ्यायला हवं होतं. पुन्हा तशी वेळ आली तर पुन्हा उपटेन. हां, महिनाभर आधी घरोघर फिरलो असतो, मार्गावर वाट मोकळी ठेवायची माणसं ठरवली असती, तर वायरीपर्यंत गोष्ट गेलीच नसती. ते मी केलं नाही. मलाही दार वाजवायचा कंटाळाच होता.

तुला फितूर म्हणणाऱ्या पोरांना सोबत घे. एकटा जाऊ नकोस, नाहीतर तू आजींचा माणूस ठरशील. वर्गणी मागायला सगळे मजले चढता ना, तसेच आता चढा. कुणाकडे तान्हं मूल आहे, कुणाची रात्रपाळी, कुणाची परीक्षा, लिहून घ्या. मग स्पीकरचं तोंड कुठे करायचं आणि दुपारी किती वेळ बंद ठेवायचा, हे पोरांनाच ठरवू दे. वर्गणीची पावती मात्र त्या दिवशी खिशातून काढायची नाही.

शनिवारी संध्याकाळी सातला तुमच्या गेटापाशी येतो. पहिलं दार आजींचं. वही तू आण.

तुझा,
काका