सातपुड्यातल्या सालईच्या डिंकाने गुडघेदुखी कमी होते का?

दुखणं कमी होतं, झीज भरून येत नाही. नागपूरला ३० रुग्णांवर झालेली चाचणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. ३३३ मिग्रॅ अर्क दिवसातून तीनदा, ८ आठवडे. दुखणं-सूज उतरली, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचं अंतर वाढलं. एक्स-रे मात्र तसाच राहिला. अभ्यास छोटा, पण गुण खरा दिसतो.

यावल-चोपड्याकडे मिळतो तो कच्चा डिंक: साल-माती चिकटलेली, औषधाचं प्रमाण कळत नाही. तो पाण्यात उकळून पिऊ नका. त्यातली बॉस्वेलिक आम्लं (म्हणजे गुण देणारे घटक) पाण्यात फारशी विरघळतच नाहीत. प्रमाणित अर्काची गोळी घ्या, तीही तूप-तेल असलेल्या जेवणासोबत, म्हणजे अंगी लागते. जुलाब-मळमळ झाली तर थांबवा. वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारी गोळी) चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आणि संधिवाताच्या चालू गोळ्या याच्या भरवशावर अजिबात सोडू नका.