चॅप्लेन व्हायला अमेरिकेत यायचंय म्हणतेस, तर…

तू लिहिलंस की पुण्यात समुपदेशक म्हणून नोकरी करतेस. आजीच्या शेवटच्या महिन्यात तिच्या उशाशी बसलीस आणि आपलं काम हेच, असं तुझ्या मनाने घेतलं. आता न्यूयॉर्कच्या एखाद्या इंटरफेथ सेमिनरीत, म्हणजे सर्वधर्मीय धर्मगुरू घडवणाऱ्या संस्थेत दीक्षा घेऊन, सर्वधर्मीय मिनिस्टर (धर्मगुरू) म्हणून तिथंच राहायचा बेत आहे. कोर्स कसा असतो, पोट भरतं का आणि व्हिसा मिळतो का, हे तुझे तीन प्रश्न. मी अकरा वर्षं न्यू जर्सीत हॉस्पिटल चॅप्लेन आहे, म्हणजे रुग्णांच्या उशाशी बसून त्यांना मानसिक, आध्यात्मिक आधार देणारी, त्याआधी साताऱ्यात संस्कृत शिकवायचे. शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण गाडी व्हिसावरच अडते.

धर्मकार्यासाठी आर-१ व्हिसा असतो. त्यासाठी अर्जाच्या आधीची सलग दोन वर्षं तू त्याच धर्मपंथाची सदस्य असायला हवीस आणि बोलावणारी संस्था त्या पंथाची, ना-नफा असावी लागते. पहिल्यांदा तीस महिने मिळतात, सगळे मिळून जास्तीत जास्त पाच वर्षं. आता 'मी सगळ्याच धर्मांची' म्हणणारीला कुठल्या पंथाची सदस्य दाखवायचं? वकील इथेच डोकं खाजवतात. साधं सरकारी किंवा खासगी हॉस्पिटल या वाटेने तुला सहसा बोलावू शकत नाही. म्हणून बहुतेक जण एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, शिकायला येतात. पदवीनंतर ओपीटीचे, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करायच्या परवानगीचे, बारा महिने मिळतात. विज्ञान-तंत्रज्ञानवाल्यांना मिळणारी वाढीव दोन वर्षं धर्मशास्त्राला नाहीत. आणि एफ-१ वर असताना कुणाचं लग्न लावून पाकीट घेऊ नकोस, ते विनापरवाना काम धरतात. हे नियम बदलत असतात, तेव्हा पैसे भरण्याआधी इमिग्रेशन वकिलाला एकदा विचारच.

आता कोर्स. इंटरफेथ सेमिनरीची कल्पना न्यूयॉर्कमध्ये रॅबाय (ज्यू धर्मगुरू) जोसेफ गेलबरमन यांनी रुजवली, त्यांची द न्यू सेमिनरी यातली जुनी संस्था. अशा ठिकाणी नोकरी सांभाळून शिकता येतं, निरनिराळ्या परंपरांच्या प्रार्थना, लग्नाचे नि अंत्यसंस्काराचे विधी कसे बांधायचे ते शिकवतात, शेवटी दीक्षा देतात. वाईट नाही. पण बहुतेक ठिकाणी मान्यताप्राप्त पदवी मिळत नाही आणि हॉस्पिटलं पदवी मागतात. (युनिव्हर्सल लाइफ चर्चची दीक्षा तर ऑनलाइन काही मिनिटांत मिळते. माझ्या भाच्याने मित्राचं लग्न लावायला घेतली होती.) लग्नांवर घर चालवणारे मिनिस्टर आहेत, पण हंगाम संपला की हात रिकामे. ते तुझं काम नाही, तुझ्या पत्रावरून तरी मला तसंच वाटलं.

तुझं काम खाटेशेजारचं. त्यासाठी हार्टफर्ड इंटरनॅशनल युनिव्हर्सिटी किंवा बर्कलीचं ग्रॅज्युएट थिऑलॉजिकल युनियन बघ, दोन्हीकडे बिगरख्रिस्ती विद्यार्थी रुळलेले आहेत. पुढे सीपीई, म्हणजे क्लिनिकल पास्टोरल एज्युकेशन, रुग्णांमध्ये काम करत घ्यायचं चॅप्लेनचं प्रशिक्षण. एक युनिट किमान चारशे तासांचं, चॅप्लेनना प्रमाणित करणाऱ्या बोर्डाच्या प्रमाणपत्राला अशी चार लागतात. अँटन बॉइसन या अमेरिकन धर्मोपदेशकांनी १९२५ मध्ये वुस्टरच्या मनोरुग्णालयात धर्मशास्त्राच्या पोरांना रुग्णांमध्ये नेऊन बसवलं, त्यातून हे उभं राहिलं. बॉइसन स्वतः मनोरुग्णालयात राहून आलेले होते.

सीपीईत 'व्हर्बेटिम' नावाची एक शिक्षा असते. रुग्णाशी झालेलं बोलणं आठवून शब्दन् शब्द लिहायचं, कुठे गप्प बसलो तेही, आणि गटापुढे वाचायचं. माझ्या पहिल्या व्हर्बेटिममध्ये एक म्हातारा विचारतो, देवाने मला ही शिक्षा का दिली? आणि मी त्याला कर्मसिद्धांत सांगते, चांगला पाऊण पान. वाचून झाल्यावर गटातली एक बाप्टिस्ट (ख्रिस्ती पंथाची) बाई म्हणाली, "त्याचं सूप गार होत होतं असं लिहिलंयस. डब्याचं झाकण उघडून दिलंस का?" नव्हतं दिलं. त्याचा उजवा हात चालत नव्हता.

नोकरी लागल्यावरची एक रात्र. पेजर वाजला, इंडियन पेशंट आहे, हिंदू चॅप्लेन हवा. जाऊन बघते तर हातात रोझरी, म्हणजे ख्रिस्ती जपमाळ, वसईची ख्रिस्ती आजी. नर्सने नुसतं 'इंडिया' वाचलं होतं. फादरना यायला दोन तास होते. आजी म्हणाली, "मराठी येतं ना तुला? मग म्हण." मला त्या प्रार्थनेतली एक ओळ येत नव्हती. तिने सुरुवात करायची, मी शेवटचे शब्द तिच्यामागून. दहा मणी होईपर्यंत पाठ झालं. सगळे धर्म येणं वगैरे म्हणतात ना, ते एवढंच असतं. बहुतेक वेळा येत नसतं.

आणि गंमत बघ, इतकं सर्वधर्मीय काम, पण माझ्या वेळी बोर्डाने प्रमाणपत्र देताना विचारलं, तुझ्या परंपरेचं अनुमोदनपत्र कुठंय? विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्म शिकायला गेले, ते युनिटेरियनांच्या, म्हणजे एकेश्वरवादी ख्रिस्ती पंथाच्या, शिष्यवृत्तीवर, पण गेले प्रार्थना समाजाचे म्हणून आणि १९०३ मध्ये परतले तेही त्याच समाजाचे प्रचारक व्हायला. त्यांना घर होतं. तुझ्या अख्ख्या पत्रात तुझ्या घराबद्दल एक वाक्य नाही. वारकरी, रामकृष्ण मठ, विपश्यना, काय ते ठरव, आणि सोयीसाठी ठरवू नकोस, मुलाखतीत पाच मिनिटांत कळतं.

माझं अनुमोदनपत्र इथल्या एका मंदिराच्या विश्वस्तांनी दिलं. त्याला तीन रविवार लागले.
"म्हणजे पूजा सांगणार?"
"नाही."
"प्रवचन?"
"नाही."
"मग करणार काय?"
अजून नीट उत्तर देता येत नाही मला.

तोवर वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र आहे, तिथे स्वयंसेवक म्हणून घेतात का विचार. सहा महिने जाऊन ये आणि मग मला परत लिही. जीआरई वगैरे प्रवेशपरीक्षांचं नंतर बघू.