बिअर, कायदा आणि चव

प्रश्न : जर्मनीत बिअर फक्त माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य, बहुधा जव), हॉप्स (कडवट चव देणारी एका वेलीची फुले) आणि पाण्याचीच असते, मग बेल्जियमच्या बिअरमध्ये संत्र्याची साल आणि धणे कसे चालतात? जर्मन नियम अधिक चांगला मानावा का?

उत्तर : आपण म्हणता तो नियम १५१६ मध्ये आज जर्मनीत असलेल्या बव्हेरिया प्रांतात इंगोलश्टाट येथे जाहीर झाला. त्यात जव, हॉप्स आणि पाणी एवढ्याच घटकांना परवानगी होती. यीस्टचे कार्य तेव्हा उलगडलेले नसल्याने त्याचा उल्लेखही नव्हता. गहू पाव भाजणाऱ्यांसाठी राखून ठेवणे हाही त्यामागचा एक हेतू मानला जातो, त्यामुळे हा नियम केवळ शुद्धतेसाठी होता असे मला वाटत नाही. १९०६ मध्ये तो संपूर्ण जर्मनीत लागू झाला. मात्र इतर देशांत वेगळ्या घटकांपासून कायदेशीररीत्या बनलेली बिअर जर्मनीला अडवता येणार नाही, असा निर्णय युरोपीय न्यायालयाने १९८७ मध्ये दिला. बेल्जियममध्ये असे बंधन नसल्यानेच तिथली मसालेदार परंपरा टिकली. जपानमध्ये तर माल्टच्या प्रमाणानुसार कर ठरत असल्याने कमी माल्टचे ‘हाप्पोशू’ हे पेय लोकप्रिय झाले. म्हणूनच घटकांच्या यादीवरून चवीचा दर्जा ठरवणे मला अन्यायाचे वाटते.