रस्त्यावर राहणाऱ्या, दारूच्या आहारी गेलेल्या माणसाला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल केलं की काम झालं का?

नाही. तुम्ही लिहिलंय की पन्नाशीचा एक माणूस रोज एकाच जागी दिसतो, सकाळीच प्यायलेला असतो, मध्येच हेरॉइनही ओढतो, आणि त्याला केंद्रात पोचवायची तुमची तयारी आहे. पोचवणं हा यातला सोपा भाग. खरा प्रश्न केंद्रातून सुटेल त्या रात्री तो झोपणार कुठे, हा. ज्या जागी, ज्या सोबत्यांत तो पीत होता तिथेच परत गेला, तर आठवड्याची मेहनत दोन दिवसांत वाया जाते. म्हणून केंद्र आणि निवारा दोन्ही एकदमच शोधायला लागा.

त्याआधी एक सक्त सूचना. त्याची दारू परस्पर बंद करू नका, त्यालाही 'आजपासून सोडा' असं सांगू नका. रोज भरपूर पिणाऱ्याचा सकाळचा पहिला घोट हौसेचा नसतो, हातांची थरथर थांबवण्यासाठी असतो. दारू एकदम तुटली की सहा ते बारा तासांत थरथर, घाम, मळमळ, घालमेल सुरू होते. फिट येण्याचा धोका पहिल्या 48 तासांत सर्वाधिक. साधारण 48 ते 96 तासांच्या दरम्यान काहींना डिलिरियम होतो: अंगावर किडे चालल्याचा भास, नसलेल्या माणसांशी बोलणं, दिवस-रात्रीचं भान जाणं, ताप, धडधडणारी नाडी. यात उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. ज्याला आधी कधी फिट आली आहे, त्याला पुन्हा येण्याची शक्यता जास्त. त्यामुळे पहिल्याच बोलण्यात हे विचारून घ्या.

डॉक्टर या काळात डायझेपामसारखी मेंदू शांत ठेवणारी औषधं देऊन साधारण आठवड्याभरात त्यांचा डोस उतरवत नेतात. यकृत खराब असेल तर बहुधा लोराझेपाम निवडतात. सोबत थायमिन, म्हणजे जीवनसत्त्व ब-1, हवंच. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहून पिणाऱ्याच्या शरीरात ते जवळपास संपलेलं असतं. अशा माणसाला थायमिन न देता नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावलं, तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते: तोल जातो, डोळ्यांची हालचाल बिघडते, स्मरणशक्ती जाते. गोळीतलं थायमिन अशा पोटात नीट शोषलं जात नाही, म्हणून सुरुवातीला ते इंजेक्शनने देतात. दाखल करताना 'थायमिन सुरू केलंय ना?' एवढं विचारायला लाजू नका.

घरी राहून दारू सोडवतात असं तुम्ही ऐकलं असेल. त्याची पहिली अटच अशी, की चोवीस तास लक्ष ठेवणारं शुद्धीतलं माणूस जवळ हवं. बेघर माणसाच्या बाबतीत विषय तिथेच संपतो. त्याला खाटच लागते.

केंद्राला फोन कराल तेव्हा खाटा किती, हे नंतर विचारा. आधी विचारा: रात्री डॉक्टर किंवा नर्स असते का? ओळखपत्र, पत्ता आणि नातेवाइकाची सही नसेल तर घेता का? प्यायलेल्या अवस्थेत आला तर परत पाठवता का? (पुष्कळ ठिकाणी पाठवतात. फिट येऊ शकणाऱ्या माणसाला 'आधी दारू उतरवून या' म्हणणं म्हणजे विहिरीत पडलेल्याला आधी अंग पुसून ये म्हणण्यासारखं आहे.) त्याचं बोचकं ठेवायला जागा आहे का? कुत्रा असेल तर त्याचं काय? बोचकं आणि कुत्रा ऐकायला किरकोळ वाटतात, पण माणूस दारातून मागे फिरतो तो कधीकधी यांच्यापायीही. जिथे कोंडून किंवा बांधून ठेवतात, मारतात, घरच्यांशी बोलू देत नाहीत, त्या ठिकाणी पाऊल टाकू नका, फुकट असलं तरी.

दुसरी अडचण वेळेची. तो 'चला' म्हणतो तो क्षण फार छोटा असतो. पुढच्या गुरुवारी दहा वाजता या, असं ज्याच्याकडे ना फोन ना घड्याळ त्याला सांगून काही होत नाही. खाट आधी बोलून ठेवा, आणि त्या दिवशी स्वतः सोबत जा.

आता हेरॉइन. ते सोडताना होणारा त्रास भयंकर असतो, पण एरवी तो दारूच्या विड्रॉलइतका (नशा तुटल्यावर होणाऱ्या त्रासाइतका) जीवघेणा नसतो. जीव जातो तो नंतर. आठ-दहा दिवस नशा बंद राहिली की शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन त्याने जुन्याच मापाने घेतलं तर श्वास थांबतो. म्हणूनच हेरॉइनसाठी नुसतं डिटॉक्स, म्हणजे शरीरातली नशा उतरवून, सोडून देणं मला धोक्याचं वाटतं. हेरॉइनच्या जागी डॉक्टरांच्या देखरेखीत दिली जाणारी मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन ही औषधं, असे दीर्घकाळ चालणारे उपचार हवेत. ब्युप्रेनॉर्फिन घाईने दिलं तर उलटतं: हेरॉइनचा शेवटचा डोस होऊन निदान 12 तास झालेले हवेत आणि विड्रॉल दिसायला लागलेला हवा, नाहीतर औषधच एका झटक्यात जोरदार विड्रॉल आणतं. मग 'ते औषध विष आहे' अशी वार्ता सगळ्या टोळक्यात पसरते. गोळी जिभेखाली पूर्ण विरघळेपर्यंत ठेवायची असते, गिळली तर वाया. दारूसोबत या औषधांनी श्वास मंदावू शकतो, त्यामुळे दोन्ही व्यसनं डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा.

रस्त्यावर औषधं चोरीला जातात, भिजतात, विकली जातात. महिन्याच्या गोळ्या एकदम हातात देऊ नयेत. रोज समोर घ्यायचा डोस किंवा, मिळत असेल तर, महिन्यातून एकदा घ्यायचं ब्युप्रेनॉर्फिनचं इंजेक्शन बरं. दारूची ओढ कमी करणारं अकॅम्प्रोसेट चांगलं, पण दिवसातून तीनदा मिळून सहा गोळ्या फुटपाथावर सांभाळणार कोण? त्याच कामाचं नाल्ट्रेक्सोन रोज एकच, पण हेरॉइन चालू असणाऱ्याला ते देता येत नाही. आणि डायसल्फिरॅम, म्हणजे दारू प्यायल्यावर त्रास व्हावा म्हणून दिलं जाणारं औषध, कुणाच्याही सल्ल्याने अन्नात लपवून देऊ नका. त्यावर दारू पोटात गेली तर रक्तदाब कोसळून प्राण जाऊ शकतो.

घराबद्दल. 1992 मध्ये न्यूयॉर्कमध्ये सॅम त्सेम्बेरिस यांनी उलटा क्रम लावला: आधी घर, तेही दारू सोडण्याची अट न घालता, आणि मदत करणारं पथक सोबत. हेच 'हाउसिंग फर्स्ट'. कॅनडाने 2009 ते 2013 मध्ये पाच शहरांत दोन हजारांहून अधिक लोकांवर ते तपासलं. लोक घरात टिकून राहिले, हे स्पष्ट दिसलं. व्यसन मात्र घर मिळाल्यामुळे आपोआप सुटत नाही, उपचार वेगळे करावेच लागतात. तरी ज्याच्या दाराला कडी आहे, त्याची गोळी उशाशी राहते आणि परिचारिकेला तो कुठे सापडेल हे ठाऊक असतं. निवारा बघताना त्यामुळेच विचारा, की पिऊन आला तर त्या रात्री बाहेर काढतात का.

तो निपचित पडलेला दिसला तर 'प्यायलाय, झोपू दे' म्हणून पुढे जाऊ नका. खांद्याला हलवा, श्वास मोजा. मिनिटाला दहापेक्षा कमी, घोरल्यासारखी घरघर, निळसर ओठ, डोळ्यांत टाचणीएवढ्या बाहुल्या, ही हेरॉइनच्या ओव्हरडोसची खूण. अँब्युलन्स बोलवा, नॅलोक्सोन (हेरॉइनचा असर उतरवणारं औषध) असेल तर द्या, तोंडाने श्वास द्या, दोन-तीन मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा डोस. नॅलोक्सोनचा असर 30 ते 90 मिनिटांत ओसरतो, म्हणून शुद्धीवर आला तरी एकटा सोडू नका. श्वास ठीक असेल तर कुशीवर वळवा. डोक्याला मार लागलेला किंवा साखर उतरलेला माणूसही प्यायल्यासारखाच दिसतो, हे विसरू नका.

बोलण्याचं म्हणाल तर, पन्नाशीच्या माणसाला अरे-तुरे नको. 'बेवडा', 'गर्दुल्ला' हे शब्द तर कागदावरही नकोत. पहिले काही दिवस दारूचा विषयच काढू नका. पायाची जखम, खोकला, हरवलेलं ओळखपत्र, जे त्याला सलतंय तिथून सुरू करा.

आणि तो परत पिईल. बहुतेक जण पितात, अनेकदा एकाहून जास्त वेळा. त्या दिवशी त्याच्याशेजारी बसून एवढंच विचारा: शेवटचं कधी घेतलंत, किती घेतलंत, गोळ्या कुठे आहेत, काल रात्री कुठे झोपलात? यांची उत्तरं हातात असली की डॉक्टरला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.