जुनी बोलेरो पिकअप सकाळी स्टार्ट घेत नाही, हँडपंप मारला की घेते. एफआय पंप उतरवावा का?

एफआय पंप, म्हणजे नोजलला दाबाने डिझेल पुरवणारा फ्युएल इंजेक्शन पंप, उतरवू नका, निदान आत्ता तरी नाही. तुम्ही लिहिलंय की २००८ ची डीआय (डायरेक्ट इंजेक्शन डिझेल) गाडी आहे, रात्रभर उभी राहिली की सकाळी सेल्फ जोरात फिरतो पण इंजिन पकडत नाही, हँडपंप (लाईनमध्ये हाताने डिझेल भरायचा छोटा पंप) पंधरा-वीस वेळा दाबला की सुरू होते आणि मग दिवसभर अर्ध्या सेल्फमध्ये उचलते. यातलं शेवटचं सगळ्यात कामाचं आहे. झिजलेला पंप गाडी गरम असताना जास्त रडवतो, कारण तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजेच्या फटीतून दाब निसटतो. तुमची गरम गाडी चटकन घेते, म्हणजे दाब तयार होतोय. रात्रीतून फक्त लाईन, म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतचे डिझेलचे पाइप, रिकामी होतेय. थोडक्यात, गाडी कुठूनतरी एअर घेते.

टाकी खाली, पंप वर. लाईनमध्ये कुठे बारीक फट असली की तिथून हवा शिरते आणि वरचं डिझेल हळूहळू टाकीत उतरतं. गंमत अशी की या फटीतून डिझेल बाहेर गळतंच असं नाही. इंजिन चालू असताना टाकीकडून येणारी लाईन ओढीवर असते, त्यामुळे हवा आत जाते, डिझेल बाहेर येत नाही. म्हणून "गळत तर कुठेच नाही" यावर विसंबू नका.

एक फुकटची परीक्षा आधी करा. आज रात्री गाडी उतारावर तोंड खाली करून लावा. टाकीची बाजू वर राहिली पाहिजे. गिअर टाका, हँडब्रेक ओढा, चाकांपुढे दगड लावा. सकाळी हँडपंप न मारता सुरू झाली तर एअरच, दुसरं काही शोधू नका.

आता फट शोधायची. फीड पंपाला (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) टाकीकडून येणारा पाइप काढा आणि त्या जागी डिझेलला टिकणारा पारदर्शक पाइप हातभर लावा, दोन्ही टोकांना क्लिप आवळून. इंजिन चालू करून बघा. बुडबुडे येताना दिसले तर दोष त्याच्या मागे, टाकीच्या बाजूला. दिसले नाहीत तर पुढे: फिल्टर, त्याची रबर रिंग, हँडपंपाचं सील, बॅन्जो बोल्टचे (पाइप जोडणारे पोकळ बोल्ट) वॉशर. नोजलवरून (इंजिनात डिझेल फवारणारा भाग) परत जाणारे रिटर्नचे बारीक रबर पाइपही बघा. ते कडक होऊन तडकतात आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नाही.

मागची बाजू पक्की करायला पाच लिटरच्या कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घ्या, कॅन पंपापेक्षा वर बांधा आणि त्यातून फीड पंपाला थेट पाइप द्या. एअर काढून गाडी सुरू करा, बंद करा, रात्रभर तशीच ठेवा. सकाळी लगेच घेतली आणि पंप-फिल्टरकडचे सांधे कोरडे असले तर टाकी ते फीड पंप हा तुकडा खराब. दोष पंप-फिल्टरकडे असेल तर आता कॅनचा दाब आतून बाहेर आहे, म्हणून जिथून हवा शिरत होती तिथेच डिझेलचा ओलावा दिसेल. आदल्या रात्री सगळे सांधे कोरड्या फडक्याने पुसून ठेवलेत तरच तो दिसतो.

टाकीकडचा तुकडा असेल तर चासीवर जिथे क्लिपखाली चिखल साठतो तिथे लोखंडी पाइप खरवडून पाहा. कोकणात मासळी वाहणाऱ्या गाड्यांचे पाइप तर खारं पाणी ठिबकून याच जागी आधी सडतात.

वॉशर प्रत्येक वेळी नवेच घाला. तांब्याचा नवा मिळाला नाही तर जुना लाल होईपर्यंत तापवून गार करा, नरम होतो. रबर पाइप डिझेलचाच हवा, पाण्याचा फुगतो.

काम झाल्यावर एअर अशी काढा: फिल्टरवरचा ब्लीड स्क्रू दीड आटा सैल करा, खाली फडकं धरा आणि हँडपंप मारत राहा. आधी फेस येतो, मग सलग धार. धार चालू असतानाच स्क्रू आवळा. तरी घेतली नाही तर दोन नोजलचे नट अर्धा आटा सैल करून पाच-सात सेकंद सेल्फ मारा, डिझेल उडालं की आवळा. सैल नटाजवळ हात किंवा तोंड नेऊ नका, तो फवारा कातडीत घुसतो. कॉमन रेल (सगळ्या नोजलना एकाच अति दाबाच्या नळीतून डिझेल देणारी) गाडी असेल तर नोजलचे नट उघडायचेच नाहीत. आणि सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त नाही, मध्ये मिनिटभर दम घेऊ द्या.

बॅटरीचं थोडक्यात, कारण तुमचा सेल्फ जोरात आहे: उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना साधारण ९.६ च्या खाली नको. सेल्फ मारताना बॅटरीचा निगेटिव्ह आणि इंजिन ब्लॉक यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंगची पट्टी साफ करा.

हे सगळं होऊनही सकाळी तेच, तर सेल्फ मारताना सायलेन्सरकडे बघायला एकाला उभं करा. धूरच नाही म्हणजे डिझेल पोचत नाही, पुन्हा लाईन तपासा. पांढरा धूर भरपूर पण इंजिन पकडत नाही, तर डिझेल पोचतंय पण जळत नाही. मग नोजल तपासणी आणि कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा किती दाबली जाते ते मोजणं). पंपाचा नंबर त्यानंतर.